परवान्याचा वास

ऋजुताला आधी वाटलं, गादीलाच वास येतोय.

हेमव्हागला उतरलेल्या परदेशी कामगारांना पहिले काही दिवस बंदराजवळच्या वसतिगृहात ठेवत. दुसऱ्या सकाळी तिने गादी बदलून मागितली. मग न्हाणीघराचं गटार तुंबलंय म्हणून तक्रार केली. एक माणूस आला, गटार बघून खांदे उडवून गेला. गटार स्वच्छ होतं. न वाळलेल्या पोतेऱ्यावर उतरलेला आमरस सांडावा, तसा तो आंबूस-गोड वास खोलीभर तिच्या मागे मागे फिरत होता. शेवटी केस बांधायला तिने हात वर नेले, मनगट नाकाजवळून गेलं आणि तिला कळलं. गादीला नाही, गटाराला नाही, वास तिच्याच अंगाला येत होता. पोटात होतं नव्हतं ते सगळं तिने बेसिनमध्ये ओकून टाकलं.

तो वास म्हणजे तिचा कामाचा परवाना होता.

माणसाच्या कातडीवर एरवीही असंख्य जीवाणू सुखाने नांदत असतात. त्यांतल्याच एका निरुपद्रवी जातीत या देशाच्या शास्त्रज्ञांनी एक जनुक बसवलं होतं. ते बसलं की जीवाणू हवेत सहज उडणारा एक रेणू सोडू लागे. कारखान्याच्या, इस्पितळाच्या, न्यायालयाच्या फाटकांवर तो रेणू हुंगणारी यंत्रं बसवलेली होती. लोक त्यांना नुसतं नाक म्हणत. कागदाचे परवाने खोटे निघत, कातडीखालच्या चिपा कापून काढून विकल्या जात. जिवंत कातडीवर वाढणारा परवाना मात्र कुणाला चोरता येत नव्हता. प्रत्येक कंपनीसाठी जीवाणूचा वेगळा वाण होता, त्यामुळे माणूस कुठे कामाला आहे हेही नाकाला तत्काळ कळे. कोण आहे ते चेहऱ्यावरून कळायचंच.

हा जीवाणू जगे तो फक्त एका साखरेवर. ती निसर्गात कुठेही सापडत नाही, प्रयोगशाळेत बनवावी लागते. कंपनी ती मलमात घालून दर रविवारी प्रत्येक कामगाराला डबीतून देई. मलम चोळलं नाही, तर तीनेक आठवड्यांत अंगावरची सगळी वस्ती मरून जाई आणि परवाना संपे. नोकरी सुटली की डबी बंद, डबी बंद की परवाना बंद. कुणाला हाकलून द्यावं लागत नव्हतं.

माणसाच्या नाकाला या रेणूचा वास येत नाही, म्हणूनच तो निवडला होता. पण वास ओळखणारी जनुकं सगळ्यांची सारखी नसतात. ज्यांच्यावर चाचण्या झाल्या ती माणसं त्याच देशातली होती आणि त्यांच्यात कुणालाच काही जाणवलं नव्हतं. देवरुखच्या ऋजुता धामणस्करचं नाक कुणी तपासलं नव्हतं.

ती वकील होती. रत्नागिरीच्या कामगार न्यायालयात सहा वर्षं काढून ती इथे आली होती. मासे साफ करून डबाबंद करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत हर्णै, जैतापूर, श्रीवर्धनकडच्या शेकडो बायका आणि पुरुष कामाला होते. परदेशी कामगाराला त्याचे हक्क त्याच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजेत, असा त्या देशाचा कायदा होता. ते समजावून सांगणं ही ऋजुताची नोकरी. जेवणघराशेजारच्या खोलीत ती नव्या लोकांना बसवी आणि सांगे की पासपोर्ट कुणाच्या ताब्यात द्यायचा नाही, आजारपणाची सुट्टी हा उपकार नाही, कामावर इजा झाली तर उपचार पूर्ण होईपर्यंत तुम्हाला कुणी काढू शकत नाही, आणि तसं झालं तर तुम्ही कामगार लवादापुढे जाऊ शकता. लोक माना डोलावत. समोर बसलेल्या त्या तीस-चाळीस अंगांचा एकत्र वास तिच्या घशात उतरे. ती खिडकी उघडून खिडकीपाशीच उभी राहून बोले. मॅडमना मोकळी हवा फार आवडते, असं सगळ्यांना वाटे.

आपल्याला वास येतो हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? माझ्या माणसांची मला किळस येते, असं?

घरी तर त्याहून वाईट होतं. तिचा नवरा सारंग तिच्या परवान्यावर अवलंबित म्हणून आला होता. त्याच्या हातांवरही तोच वाण होता आणि तिचा परवाना जिवंत असेपर्यंतच त्याला डबी मिळणार होती. रत्नागिरीत तो आर्किटेक्ट होता. इथे पहिली दोन वर्षं त्याला काम करायला बंदी होती. तो घरी बसून न बांधायच्या घरांचे नकाशे काढी, स्वयंपाक करी आणि रविवारी रेडिओ लावून निवांत हातांना मलम चोळी. ऋजुता त्या वेळी बाहेर फिरायला जाई. पाठीचं दुखणं सांगून तिने बैठकीतल्या बाकावर झोपायला सुरुवात केली. तो जवळ आला की तिचे खांदे आपोआप आखडत. सारंग तिचं आखडणं पाही आणि आपल्या ताटाकडे बघत जेवत राही.

एकदा त्याने सरळच विचारलं, तेव्हा तिने खरं ते सांगितलं. तो स्वतःचे हात नाकाशी नेऊन हुंगू लागला, पुन्हा पुन्हा, आणि त्याला काहीच सापडलं नाही.

तो म्हणाला, "म्हणजे मी घाण वासाचा. आणि मला ते कधी कळणारही नाही."

तिने त्याचा हात हातात घ्यायला हवा होता. तिला ते जमलं नाही.

जयवंती चोगले ही हर्णैची कोळीण. वय पंचेचाळिशीच्या पुढे, हाताला कमालीची चपळ, बोलायला मोकळी. पात्यांच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. यंत्रावरची जाळी महिनाभर तुटलेली होती आणि तिने स्वतः दोनदा तसं सांगितलं होतं. कंपनीच्या डॉक्टरने हात बांधून दिला आणि ती घरी परतायला मोकळी आहे असं सांगितलं. जयवंती ऋजुताकडे आली. तुम्हीच त्या दिवशी सांगत होता ना, म्हणाली, की उपचार संपेपर्यंत काढता येत नाही. मग मला घरी जायला का सांगतात?

ऋजुताने तिचा अर्ज लवादाकडे पाठवला. दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. अर्जदाराने जातीने, जिवंत परवान्यासह हजर राहायचं, एवढी एकच अट होती.

दोन आठवड्यांनी जयवंती पट्टी बदलून तिच्याकडे चहाला आली. ऋजुताने सवयीने खिडकीकडे हात नेला आणि थांबली. वास नेहमीचा नव्हता. तो पातळ झाला होता, त्यात शिळ्या ताकासारखा आंबटपणा आला होता. असा वास तिने पूर्वी तीन माणसांच्या अंगाला घेतला होता, आणि ती तिन्ही माणसं पुढे थोड्याच दिवसांत परत गेली होती. एकाने थकलेल्या पगाराची तक्रार केली होती. एक गरोदर होती. तिसरा लोकांना जमवून बोलत असे. परवाना संपला, असं कळलं होतं. मलम लावायला विसरले असतील, असं सगळे म्हणाले होते. ऋजुताही म्हणाली होती.

जयवंतीला तिने विचारलं, मलम लावता ना?

"न चुकता लावते हो मॅडम. डाव्या हाताने उजव्याला, आणि उजव्या तळव्याने डाव्याला. आता बोटं नाहीत, तर तळव्याने."

ऋजुताने तिची डबी मागून घेतली. मलमाला स्वतःचा वास नव्हता, दोन्ही डब्या दिसायला सारख्या. तेव्हा तिने आपल्या डाव्या हाताला जयवंतीच्या डबीतलं आणि उजव्या हाताला स्वतःच्या डबीतलं मलम लावायला सुरुवात केली. आठवड्याने डावा हात आंबूस झाला. आणखी काही दिवसांनी त्याचा वास विरत चालला. त्या डबीत साखर नव्हतीच, नुसतं मलम होतं. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला स्वतःच्या हातावर गाल टेकून झोप लागली. जाग आल्यावर तिला त्या सुखाचीच शिसारी आली.

कंपनीत कायदेपालनाचे प्रमुख होते श्रीनिवास टिपणीस. दादरचे, या देशात पंचवीस वर्षं काढलेले. कायम वास्तव्य मिळालेल्यांच्या अंगावरचा वाण इस्पितळात धुऊन टाकत. टिपणीस कधीच धुऊन निघाले होते. त्यांच्या खोलीत कशाचाही वास येत नसे. त्यांनी ऋजुताचं सगळं ऐकून घेतलं, तिच्यासमोर संत्र्याच्या फोडी ठेवल्या आणि आधी विचारलं ते तिच्या नाकाबद्दल. खरंच येतो वास? कसा असतो? किती दिवस आधी कळतं? त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं कुतूहल होतं. जयवंतीच्या बोटांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

मग ते समजुतीच्या सुरात बोलले. कायद्यात काय आहे ते तुम्हाला माहीत आहेच, म्हणाले. परवाना जिवंत असेपर्यंत हक्क आहेत. सगळे आहेत. त्यातला एकही आम्ही कधी नाकारलेला नाही.

"आणि परवाना तुम्ही मारता."

"मरतो तो. का मेला, हे कायदा विचारत नाही, ऋजुता. तुम्ही वकील आहात. कुठल्या कलमात विचारलंय ते मला दाखवा."

तसं कलम नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

टिपणीसांनी तिच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. तिच्यासारखं नाक कंपनीला फार उपयोगाचं होतं. कुणाचा परवाना कधी उतरायला लागला हे आधी कळलं, तर माणसाला वेळेत, गाजावाजा न होता परत पाठवता येतं, फाटकावर अपमान होत नाही. त्यांनी अपमान हा शब्द फार मायेने उच्चारला. तिने रोज एकदा सगळ्या विभागांतून नुसती फेरी मारायची. त्या बदल्यात तिला आणि सारंगला कायम वास्तव्य मिळेल. दोघंही धुऊन निघतील.

ऋजुताला समोरची संत्र्याची फोड तोंडात घालवेना. आपल्या बायका जिथे उभ्या राहून मासे कापतात, तिथे आपण हुंगत फिरतोय, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं. ती उठली, नमस्कार न करताच बाहेर पडली.

सारंगने तिचं बोलणं शांतपणे ऐकलं. तिला वाटलं होतं, तो आपल्याइतकाच चिडेल. तो म्हणाला, "वास जाईल ना? मग घे."

ती त्याला जयवंतीचं सांगू लागली. त्याने हात वर करून तिला थांबवलं. जयवंतीबद्दल त्याला वाईट वाटत होतं, ते तिला दिसत होतं. पण तो दोन वर्षं या घरात बसून होता, त्याची बायको त्याच्या शेजारी झोपत नव्हती आणि तिचा परवाना मेला की त्याचाही मरणार होता.

"तू एकटी नाही ठरवू शकत हे," तो म्हणाला. "माझ्या कातडीवर तुझी नोकरी वाढतेय. मला कधी कुणी विचारलं?"

तो खरं बोलत होता.

तिने त्याला न विचारता आपली डबी जयवंतीला दिली. वाण एकच होता, त्यामुळे मलम कुणाच्याही हातांवर चाललं असतं. जयवंतीच्या हातांवरची वस्ती जवळपास मेली होती, म्हणून नुसती साखर पुरणार नव्हती. ऋजुताने आपला उजवा हात तिच्या हातावर ठेवला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि वस्ती उतरावी म्हणून कातडीवर कातडी घासली. जयवंतीच्या पट्टीखालून औषधाचा आणि पुवाचा वास येत होता, वर तो पोतेऱ्याचा. ऋजुताला मध्येच उठून जावं लागलं. तोंड पुसून ती परत आली आणि पुन्हा हात ठेवून बसली. जयवंतीला तिने कारण सांगितलं. जयवंतीला त्याचं काही विशेष वाटलं नाही. आमच्या घरात लग्न होऊन आलेल्या वरच्या गावच्या पोरी सुक्या मासळीला अशाच ओकतात, म्हणाली, आणि मग राहतात.

पुढच्या रविवारी ऋजुताला मिळालेल्या डबीत साखर नव्हती. ते कळायला तिला आठवडा गेला. सारंगच्या अंगाचा वास मात्र भरभक्कम होता, उलट वाढला होता. आणि ज्या अर्थी तिचं मलम नुसतं होतं आणि त्याचं नव्हतं, त्या अर्थी तो कुठे जाऊन आला होता, हे तिने त्याच्या शेजारी उभं राहून नाकानेच ओळखलं. वाण तोच होता, पण डबी आता त्याच्या स्वतःच्या नावावर होती. अवलंबिताची नाही, कामगाराची.

त्याने नाकारलं नाही. टिपणीसांनी बोलावलं होतं, म्हणाला. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. तुझी डबी कुणाकडे जाते ते. त्यांच्या नव्या शीतगृहाचे नकाशे काढायचं काम त्याला मिळालं होतं. तो हे सांगत असताना त्याच्या आवाजात लाज होती आणि लाजेच्या खाली खूप दिवसांनी काम मिळालेल्या माणसाचा आनंद होता. तो आनंदच ऋजुताला सगळ्यांत असह्य झाला.

सुनावणीला थोडेच दिवस उरले होते. रविवारी जेवणघराशेजारच्या खोलीत तिने नेहमीसारखं लोकांना बसवलं. या वेळी खिडकी उघडली नाही. ती मधोमध उभी राहिली आणि डब्यांचं सगळं सांगितलं. गेलेल्या तिघांची नावं सांगितली. स्वतःचीही चूक सांगितली असती, पण लोकांना त्यात रस नव्हता. त्यांना एवढंच कळायला हवं होतं की जयवंतीला जगवायला किती लागेल. एका बोटावर येईल एवढं प्रत्येकीने दिलं तर पुरेल, ऋजुता म्हणाली. श्रीवर्धनची एक म्हातारी बाई आधी उठली, आपल्या डबीतलं बोटभर मलम काढून तिने जयवंतीच्या हाताला पुसलं आणि लोकांकडे वळून न बघता जागेवर जाऊन बसली. मग रांग लागली. काही जण उठलेच नाहीत, दाराकडे बघत बसून राहिले. त्यांना कुणी काही बोललं नाही. खोली बंद होती आणि तो वास भिंतींना चिकटल्यासारखा दाट झाला होता. ऋजुता भिंतीला टेकून घाम पुसत उभी होती.

मॅडमनाही लावा, असं कुणीतरी म्हणालं. रांगेतल्या शेवटच्या दोघी तिच्याकडे आल्या. पण तोवर डब्या खरवडत आल्या होत्या. जे होतं ते जयवंतीला जाऊ दे, असं ऋजुताने सांगितलं. आपल्या उजव्या हातावर अजून पुरेसं उरलंय, असा तिचा अंदाज होता.

तो अंदाज चुकला. लवादाच्या फाटकातल्या नाकाने जयवंतीला आत घेतलं आणि ऋजुतापुढे दार लावून घेतलं. दोन पोलीस अदबीने आले. त्यांनी तिला बाजूच्या खोलीत बसवलं. तिने सांगून पाहिलं की मी या बाईंची वकील आहे, त्यांना इथली भाषा येत नाही, माझा परवाना कंपनीने मारलेला आहे. पोलिसाने सहानुभूतीने मान हलवली. असेल, म्हणाला, पण तो मेलेला आहे.

काचेपलीकडे जयवंती एकटीच उभी होती. तिने एकदा मागे वळून पाहिलं. ऋजुताने तिला दोन डब्यांची खूण केली. एक जयवंतीला मिळालेली, एक ऋजुताची, दोन्ही जयवंतीच्याच पिशवीत होत्या. जयवंतीने पिशवी काखेत घट्ट धरली आणि भाषांतर करणाऱ्या यंत्रापुढे जाऊन बसली.

आत काय झालं ते ऋजुताला नंतर कळलं. जयवंतीने आधी बोटं दाखवली, मग डब्या ठेवल्या. साखर कोण बनवतं, कोण वाटतं, कुणाच्या डबीत नसते, हे तिने यंत्राला नीट न समजणाऱ्या हर्णैच्या बोलीत सांगितलं, यंत्र अडखळलं की पुन्हा सांगितलं, न कंटाळता. डब्या तपासायला गेल्या. महिन्याभराने निकाल लागला. जयवंतीचे उपचार कंपनीनेच करायचे, तोवर तिला राहू द्यायचं आणि तिचं मलम यापुढे सरकारी दवाखान्यातून द्यायचं. मलमाची एक खेप सदोष होती, असं कंपनीने कळवलं. दंड भरला. टिपणीसांची बदली दुसऱ्या बंदरावर झाली, वरच्या जागेवर. परवाना का मेला, हे लवादाने याही वेळी विचारलं नाही.

निकालापूर्वीच ऋजुताला परत पाठवलं गेलं. मेलेल्या परवान्यावर राहणं हा गुन्हा होता आणि ती मुद्दाम राहिल्याची नोंद होऊ नये म्हणून चटकन निघावं, असा सगळ्यांनी सल्ला दिला. तिला सोडायला जयवंती येऊ शकली नाही, तिच्या हाताचं ऑपरेशन होतं. बाकीच्या कामाच्या पाळीवर होत्या.

सारंग आला. नकाशांचं काम कंपनीला आवडलं होतं आणि आदल्याच दिवशी त्याला कायम वास्तव्य मिळालं होतं. हात कोपरापर्यंत लालसर झाले होते, धुण्याच्या द्रावणाने कातडी सोलल्यासारखी दिसत होती. तो तिच्या सामानाशी येऊन उभा राहिला. तू तिकडे स्थिरस्थावर झालीस की मी येऊन जाईन, म्हणाला. किंवा तू अर्ज कर, आता मी तुला अवलंबित म्हणून आणू शकतो. हे बोलताना त्याला काही खटकलं नाही.

मग त्याने दबकत विचारलं, "आता येतो का वास?"

ऋजुता पुढे झाली. त्याच्या मानेशी नाक नेऊन तिने खोल श्वास घेतला. साबणाचा वास होता, स्वच्छ कापडाचा होता, दुसरं काही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. त्याने तिला मिठीत ओढलं, पूर्वीसारखं, हनुवटी तिच्या डोक्यावर टेकवून. तिचं अंग आखडलं. तिने दोन्ही तळवे त्याच्या छातीवर ठेवले आणि त्याला दूर केलं, हळूच, पण पुरतं. मग सामानाची गाडी ढकलत ती परत जाणाऱ्यांच्या दाराकडे निघाली. त्या दाराला नाक नव्हतं.